उजेडाच्या गारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



न्हाणीघरात गरम पाण्याच्या नळावर लाल ठिपका असतो आणि थंड पाण्याच्या नळावर निळा. हा ठिपका कुणी ठरवला ते ठाऊक नाही, पण त्यात आम्हा कवी मंडळींचाही थोडा हात असावा. राग लाल, निखारा लाल, पेटलेलं मन लाल. आणि चांदणं, पाणी, शांतता हे सगळं निळं. शेकडो वर्षं कविता हेच सांगत आली आहे.

पण लोहाराला विचारा. भट्टीतला लोखंडाचा तुकडा आधी काळपट लाल होतो, भाता मारत राहिलं की नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी डोळ्यांना सहन होणार नाही असा पांढरा. लोहाराच्या हिशेबी लाल म्हणजे नुकतंच तापू लागलेलं. हिवाळ्याच्या रात्री आकाशात मृग नक्षत्र पाहा. त्यात एक तांबूस तारा आहे, काक्षी. आणि दुसरा निळसर पांढरा, राजन्य. तांबूस काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान साडेतीन हजार अंशांच्या घरात आहे आणि निळसर राजन्याचं बारा हजारांच्या. म्हणजे जो ‘थंड’ दिसतो तोच तिपटीहून जास्त तापलेला! या दोन ताऱ्यांची पाश्चात्त्य नावं रायजेल आणि बेटेलज्यूज ही मूळ अरबी. ‘रिज्ल’ म्हणजे पाय. दुसऱ्या नावात ‘यद’ म्हणजे हात होता. नकलून घेताना एका अक्षराचे नुक्ते बदलले आणि हाताचं भलतंच काही झालं. शब्दांच्या दुनियेत असं चालतं. निसर्गात मात्र एका नुक्त्याचाही फरक चालत नाही, आणि आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते त्याच्या अशाच एका काटेकोर हिशेबाबद्दल.

मी बी. ए. झालेला माणूस. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक परीक्षेसाठी कधी उघडलं नाही. पण उजेड हा कवीच्या धंद्यातला माल आहे. आमच्या घरात त्याला उजेड, रोशनी आणि नूर असे तीन शब्द रोज वापरात आहेत. ज्या मालावर आपण जगतो तो आहे तरी कसा, हे एकदा नीट पाहून घ्यावं, एवढाच या बोलण्यामागचा हेतू.

तुमच्या समोर रेडिओ आहे. जुना असेल तर त्याला दोन खुंट्या असतील. एक आवाजाची आणि एक स्टेशन लावायची. आवाजाची खुंटी कितीही पिळा, स्टेशन बदलत नाही. स्टेशनची खुंटी फिरवली की बोलणारा माणूसच बदलतो. उजेडालाही अशाच दोन खुंट्या आहेत. एक किती उजेड याची, म्हणजे मंद की भगभगीत. दुसरी कोणता उजेड याची, म्हणजे तांबडा, हिरवा की जांभळा. रोजच्या बोलण्यात आपण या दोन्हींना ‘प्रखर’ या एकाच पिशवीत कोंबतो आणि तिथेच घोटाळा होतो.

दुसरी खुंटी म्हणजे वारंवारता. प्रकाश ही लहर आहे आणि लहर म्हटली की ती सेकंदाला किती वेळा वरखाली होते हा प्रश्न आलाच. तांबडा प्रकाश सेकंदाला सुमारे ४३० लाख कोटी वेळा कंप पावतो, जांभळा सुमारे ७५० लाख कोटी वेळा. आणि तुम्ही हे भाषण एफएमवर ऐकत असाल, तर ज्या लहरीवर स्वार होऊन माझा आवाज तुमच्या घरात येतो आहे तीही याच जातकुळीची. तीही प्रकाशच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. सेकंदाला दहा कोटींच्या आसपास कंप पावणारा. अंतर फक्त खुंटीचं.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. कॉलेजात असताना मी संध्याकाळी एका फोटो स्टुडिओत कामाला जात असे. स्टुडिओच्या मालकांना आम्ही सगळे मामू म्हणायचो. मागच्या अंधाऱ्या खोलीत एक तांबडा दिवा असायचा. त्या दिव्याखाली फोटोचा कागद उघडा ठेवून मामू निवांतपणे डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हलवत बसत. मधेच चहा घेत. कागदाला काही होत नसे. पण कुणी दार इंचभर उघडलं किंवा बाहेरच्या खोलीत काडी पेटवली आणि फटीतून उजेड आला, की मामूंचा आवाज चढे. कागद काळा पडलेला असे. मी एकदा विचारलं, “मामू, या दिव्याचा उजेड त्या फटीतल्या उजेडाहून किती तरी जास्त. मग कागद याला का घाबरत नाही?” मामू म्हणाले, “बेटा, कागदाला तांबडा दिसतच नाही.” उत्तर धंद्यापुरतं चोख होतं. पण का दिसत नाही? थोडा थोडा तांबडा उजेड तासभर साठवून कागद काळा का पडत नाही?

हाच प्रश्न वेगळ्या रूपात युरोपातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पडला होता.

१८८७ साली जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ रेडिओलहरींवर प्रयोग करत होते. धातूच्या दोन गोळ्यांमध्ये विजेची ठिणगी पाडायची, असा तो खेळ. त्यांच्या लक्षात आलं की त्या गोळ्यांवर अतिनील प्रकाश पडला तर ठिणगी जास्त सहज पडते. मध्ये साधी काच धरली की परिणाम नाहीसा होतो, कारण साधी काच अतिनील प्रकाश बराचसा अडवते. पुढे कळलं की प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो आहे. १९०२ साली फिलिप लेनार्ड यांनी मोजणी केली आणि सगळेच चक्रावले. प्रकाश वाढवला तर बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन संख्येनं वाढत होते, पण त्यांचा जोर वाढत नव्हता. जोर ठरत होता तो प्रकाशाच्या जातीवर. म्हणजे पहिली खुंटी फक्त संख्या बदलत होती. दम होता तो दुसऱ्या खुंटीत.

लहरींच्या जुन्या कल्पनेत हे बसत नव्हतं. मोठी लाट आली तर दगड जोरात फेकला गेला पाहिजे. मंद लाटा येत राहिल्या तर वेळ लागेल, पण कधी तरी दगड हललाच पाहिजे. इथे तर धातूला न मानवणाऱ्या रंगाचा प्रकाश दिवसभर ओतला तरी एकही इलेक्ट्रॉन हलत नव्हता.

उत्तराची किल्ली त्याआधीच एका अतिशय सभ्य, परंपरेला धरून चालणाऱ्या माणसाच्या हाती लागली होती. मॅक्स प्लँक त्यांचं नाव. तरुणपणी एका प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं होतं की, भौतिकशास्त्रात आता शोधण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा किती प्रकाश बाहेर पडतो, म्हणजे आपल्या लोहाराचाच प्रश्न, तो प्लँक सोडवू पाहत होते. गणित काही केल्या जुळत नव्हतं. अखेर त्यांनी नाइलाजानं एक गोष्ट गृहीत धरली. तापलेली वस्तू ऊर्जा सलग धारेसारखी देत नाही, ती पुड्या बांधून देते. आणि पुडीचं वजन वारंवारतेवर ठरतं. वारंवारता दुप्पट, तर पुडीतली ऊर्जा दुप्पट. १४ डिसेंबर १९०० या दिवशी बर्लिनमध्ये भौतिकशास्त्रज्ञांच्या बैठकीत त्यांनी हे मांडलं. मराठी पुस्तकांत या पुडीला ‘पुंज’ म्हणतात आणि पुंजवादाचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगितली जाते.

सूत्र एका ओळीचं आहे. वारंवारतेला एका ठरलेल्या आकड्यानं गुणा, की एका पुडीतली ऊर्जा मिळाली. त्या आकड्याला प्लँकचा स्थिरांक म्हणतात. तो इतका लहान आहे की ज्यूल-सेकंदांत लिहायचा तर दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं द्यावी लागतात आणि मग कुठे सहा हा अंक येतो. म्हणून तर आपल्याला उजेड सलग वाटतो. एक वॅट तांबडा प्रकाश म्हणजे दर सेकंदाला सुमारे ३५ हजार कोटी कोटी पुड्या. पिठाच्या गिरणीतून पीठ पडावं तसं. कण असतात, पण धार दिसते. गंमत म्हणजे २० मे २०१९ पासून आपला किलोग्रॅमसुद्धा याच आकड्याच्या आधारावर ठरतो. म्हणजे वाण्याच्या दुकानातला तराजू आणि उजेडाची पुडी यांचं नातं आता अधिकृत आहे.

प्लँकनी पुड्या मान्य केल्या त्या देण्याघेण्यापुरत्या. पुढचं धाडस १९०५ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या अल्बर्ट आइनस्टाइननं केलं. तो म्हणाला, प्रकाश नुसता पुड्यांनी दिला-घेतला जात नाही, तो प्रवासही पुडीच्या रूपात करतो. एक पुडी एका इलेक्ट्रॉनला धडकते. तिच्यात पुरेशी ऊर्जा असेल तर इलेक्ट्रॉन सुटतो, नसेल तर नाही. दहा अपुऱ्या पुड्या मिळून एक पुरी पुडी होत नाही.

हे समजून घ्यायला आपला पाऊसच उपयोगी पडतो. श्रावणात रात्रभर रिपरिप लागते. कौलांवरून किती तरी घागरी पाणी वाहून जातं. सकाळी उठून पाहावं तर एकही कौल फुटलेलं नसतं. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दहा मिनिटं लिंबाएवढ्या गारा पडतात. पाणी पाहिलं तर श्रावणातल्या रात्रीच्या मानानं काहीच नाही. पण कौलं फुटतात, आंब्याचा मोहोर झडतो आणि द्राक्षबागेचा मालक डोक्याला हात लावून बसतो. एकूण पाणी किती पडलं यावर कौल फुटणं ठरत नाही, एकेक थेंब केवढा यावर ठरतं. तांबडा प्रकाश म्हणजे रिपरिप. निळा म्हणजे टपोरे थेंब. अतिनील आला की गारा सुरू झाल्या.

मामूंच्या कागदाचं कोडं इथं सुटतं. कागदावरच्या चांदीच्या क्षारांत बदल घडवायला एका पुडीत जेवढी ऊर्जा लागते तेवढी निळ्या पुडीत असते, तांबड्या पुडीत नसते. तांबड्या दिव्याची रिपरिप कागदावरून वाहून जात होती आणि फटीतून आलेल्या उजेडात मूठभर का होईना, टपोरे थेंब होते. कॅमेऱ्यातली फिल्म मात्र मामू त्या दिव्याखालीही उघडत नसत, मिट्ट काळोखात हातांनी चाचपत धुवायचे. कारण फिल्मच्या क्षारांना तांबडाही टिपता यावा म्हणून त्यात खास रंगद्रव्यं घातलेली असतात.

आइनस्टाइनचं म्हणणं लोकांना लगेच पटलं का? मुळीच नाही. १९१३ साली बर्लिनच्या विज्ञान अकादमीसाठी त्याची शिफारस करताना खुद्द प्लँकनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की, प्रकाशाच्या पुड्यांच्या बाबतीत त्याचा नेम चुकला असेल, पण तेवढ्यावरून त्याला फार दोष देऊ नये. अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन यांना तर ही कल्पना इतकी अविचारी वाटली की तिची तपासणी करण्यात त्यांनी जवळपास दहा वर्षं घालवली. निर्वात नळीत धातूचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करायचा, एकेका रंगाचा प्रकाश टाकायचा आणि मोजायचं. १९१६ साली त्यांनी निकाल छापला. प्रत्येक आकडा आइनस्टाइनच्या सूत्राशी जुळत होता. मिलिकन यांना कल्पना तरीही पटली नव्हती, पण मोजलेलं त्यांनी लपवलं नाही. मला या सगळ्या गोष्टीत हा माणूस फार आवडतो. आपल्या मताविरुद्ध निघालेला आकडा स्वतःच्या नावानं छापायला मोठं मन लागतं. १९२१ सालचं नोबेल आइनस्टाइनला मिळालं ते सापेक्षतेसाठी नव्हे, याच नियमासाठी. आणि १९२३ सालचं मिलिकन यांना मिळालं, त्यातही या मोजणीचा वाटा होता.

या गोष्टीत आपल्या उपखंडाचाही एक धागा आहे. १९२४ साली ढाक्का विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशाच्या पुड्या मोजण्याची एक नवी रीत शोधली. या पुड्यांना ओळख नसते. ही पुडी आणि ती पुडी असा भेद करता येत नाही, असं धरून मोजलं की प्लँकचं सूत्र सरळ हाती येतं. तिशीतल्या बोसनी आपला इंग्रजी लेख थेट आइनस्टाइनला पाठवला आणि योग्य वाटल्यास जर्मनमध्ये छापण्याची व्यवस्था करावी, अशी विनंती केली. आइनस्टाइननं स्वतः भाषांतर करून तो छापायला दिला. आज अशा कणांच्या सगळ्या कुळाला ‘बोसॉन’ म्हणतात. आम्ही अनुवादाच्या प्रांतात वावरणारी माणसं. एवढ्या मोठ्या माणसानं एका अनोळखी तरुणाचा मजकूर आपल्या हातानं भाषांतरित केला, हे वाचून मन भरून येतं.

आता प्रयोगशाळेतून घरात येऊ. दोन दिवसांच्या बाळाला कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवल्याचं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. आमच्या नातीलाही ठेवलं होतं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट आणि वर तो निळा उजेड. बाळाची नानी कासावीस झाली. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, “बाई, एवढ्याशा जिवाला हा निळा दिवा कशाला? साधा पिवळा बल्ब लावा ना. ऊबही मिळेल.” बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ऊब नकोच आहे, नानी. निळा रंगच हवा आहे.”

ही रीत कशी सापडली ते ऐकण्यासारखं आहे. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. उन्हाच्या दिवसांत त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात नेत. एका बाळाच्या अंगावर दुपट्यानं झाकलेला भाग पिवळा आणि उघडा भाग फिका, असं त्यांना दिसलं. त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्यानंतर काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीशी उन्हात राहून गेली, तर तिच्यातला पिवळेपणाही कमी झालेला आढळला. १९५८ साली डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचा अहवाल प्रसिद्ध केला. आज जगभर लाखो बाळं या उजेडाखाली बरी होतात.

यात होतं काय? काविळीत बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य रक्तात साचतं. ते पिवळं दिसतं याचंच कारण ते निळा प्रकाश शोषतं. निळ्या प्रकाशाची एक पुडी एका रेणूला मिळाली की त्या रेणूची घडण बदलते आणि तो पाण्यात विरघळण्याजोगा होऊन शरीराबाहेर पडू शकतो. तांबडा किंवा पिवळा उजेड या द्रव्याला जवळजवळ लागतच नाही. नानीचा पिवळा बल्ब बाळाला तापवेल, रेणूला हलवणार नाही. आणि अतिनीलाच्या गारांची इथे गरजही नाही, त्या बाळाच्या कातडीला इजा करतील. म्हणजे मोठी पुडी ती चांगली, असंही नाही. ज्या कुलपाला जी किल्ली. यात घरगुती ऊन हा उपाय नव्हे, हेही सांगायला हवं. किती वेळ आणि कोणता दिवा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

तो निळा उजेड आता बहुधा एलईडीतून येतो. तांबडे एलईडी १९६२ पासून होते, पण चांगला निळा एलईडी जमायला १९९० चं दशक उजाडलं, कारण निळ्या रंगासाठी प्रत्येक इलेक्ट्रॉनकडून मोठी पुडी वसूल करावी लागते आणि तसा पदार्थ घडवणं अवघड होतं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं ते यासाठी. घरातल्या पोरांना एक गंमत दाखवा. तांबडा एलईडी पेटायला दोन व्होल्टच्या आतबाहेर दाब पुरतो, निळ्याला तीनच्या आसपास लागतो. दोन पेन्सिल सेल उतरायला लागले की निळा आधी मिणमिणतो आणि विझतो, तांबडा टिकून राहतो. प्लँकचं सूत्र तुमच्या तळहातावर.

आता या सगळ्याचा आपल्या काळजीशी काय संबंध, ते सांगतो आणि थांबतो. शास्त्रज्ञ एका पुडीची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट नावाच्या मापानं मोजतात. तांबडी पुडी पावणेदोनच्या पुढे, जांभळी तीनच्या थोडी वर. माणसाच्या कातडीला भाजून काढणारा उन्हातला अतिनील चारच्या आसपास. शरीरातल्या रेणूंचे सांधे मोडायला साधारण याच घरातली ऊर्जा लागते. म्हणून खरा धोका सुरू होतो तो जांभळ्याच्या पलीकडे. क्ष-किरणांची पुडी हजारोंच्या घरात, म्हणूनच तिथे काम करणाऱ्याला शिशाचा अंगरखा. आणि उलट्या दिशेला चला. मोबाइलच्या लहरींची पुडी तांबड्या प्रकाशाच्या पुडीहून लाखो पट लहान. रेडिओची त्याहूनही लहान. ही सगळी रिपरिप. रिपरिप निरुपद्रवीच असते असं मी म्हणत नाही. फार झाली तर ती भिजवते. लहरींच्या बाबतीत भिजवणं म्हणजे तापवणं. मायक्रोवेव्हच्या भट्टीत अन्न तापतं ते असंच. म्हणून मर्यादा हव्यातच. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ती पाळली जाते का, हे विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे.

आमच्या वस्तीत गच्चीवरच्या टॉवरविरुद्ध सह्यांची मोहीम झाली. माझ्याकडेही कागद आला. ज्या दारात उभं राहून आम्ही बोलत होतो, तिथून दहा पावलांवर ग्रिल बनवण्याचं दुकान आहे. तिथे एक पोरगा, मिसरूड फुटायचं होतं त्याला, उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग करत होता. ठिणगी पडायची तेव्हा मान वळवायचा, एवढंच संरक्षण. शाळेतून घरी निघालेली दोन लहान मुलं तो निळा लखलखाट टक लावून पाहत होती. सह्यांचा कागद घेऊन आलेल्या भल्या माणसांपैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

वेल्डिंगच्या त्या ज्वाळेत भरपूर अतिनील प्रकाश असतो. गारांचा पाऊसच तो. पाहताना काही वाटत नाही. काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बुबुळावरचं नाजूक आवरण भाजलेलं असतं. ते बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतं, म्हणून माणसं ते अंगावर काढतात आणि पुन्हा तेच करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ साली मोबाइलच्या लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवलं; पुरावा मर्यादित, असं म्हणून. त्याच संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगमधल्या अतिनील किरणांना कर्करोगकारक ठरवलं. तिथे शंकेचा शब्द नाही. एकाविरुद्ध आपण सह्या गोळा करतो आणि दुसऱ्याकडे आपली पोरं टक लावून पाहतात. कारण टॉवर मोठा दिसतो, आणि वेल्डिंगची ज्वाळा हाताच्या बोटाएवढी.

उजेडाचा नियम सांगतो की मोठं काय दिसतं त्याकडे पाहू नका. एकेक पुडी केवढी आहे ते पाहा. बाजारातला साधा काळा चश्मा वेल्डिंगसाठी चालत नाही. काच काळी असणं आणि अतिनील अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पुन्हा त्या दोन खुंट्यांसारख्याच. नुसता काळेपणा पहिल्या खुंटीचं काम करतो, आपल्याला अडवायची आहे दुसरी. त्यासाठी वेल्डिंगचा खास मुखवटा आणि त्याची खास काचच लागते. आणि रस्त्यानं जाणाऱ्यांसाठी दुकानासमोर एक आडोसा, जुन्या पत्र्याचा असला तरी चालेल.

सह्यांच्या कागदाला माझा विरोध नाही. टॉवरची मोजणी व्हावी, अशी मागणी मीही सहीसकट केली. पण त्याच कागदाच्या पाठीवर आम्ही दुसरं एक वाक्य लिहिलं: ग्रिलच्या दुकानातल्या पोराला मुखवटा मिळालाच पाहिजे. दुकानाच्या मालकानं कुरकुर केली, मग आणला. पोरगा दोन दिवस म्हणाला, चाचा, याच्यात घाम येतो, दिसत नाही. आता वापरतो. त्याच्या वयाचा प्रश्न मात्र मुखवट्यानं सुटत नाही. त्यासाठी शाळेकडे जाणारा दुसरा रस्ता शोधावा लागतो आणि तो आम्ही काही जण शोधतो आहोत.

तुमच्याही गल्लीत असं एखादं दुकान असेल. उद्या सोमवार आहे, ते उघडं असेल. जाता जाता तिथे काम करणाऱ्याच्या डोळ्यांकडे एकदा पाहा आणि समोर काच आहे का, ते विचारा.